शेवटचा फर्मा

आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत त्या काळी नवं पुस्तक आलं, की आधी ते उसवलं जायचं. हे सांगितलं की आजची मुलं तोंड वाकडं करतात. पण वाचनालय म्हणजे एक लाकडी कपाट, पुस्तकाची प्रत एकच, आणि वाचायला टपून बसलेली अख्खी ओळ. कारखान्याच्या हजेरी कचेरीतले एक कारकून ते कपाट सांभाळायचे. मागणीचं पुस्तक आलं की ते त्याची शिलाई उसवायचे, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, प्रत्येकाला तपकिरी कागदाचं वेष्टण घालून त्यावर आकडा टाकायचे आणि पहिल्या क्वार्टरपासून एकेक फर्मा सोडायचे. एका घरात एक दिवस. आपला वाचून झाला की पुढच्या घरात द्यायचा, मागच्या घरातून पुढला घ्यायचा. सगळी ओळ फिरून झाली की फर्मे परत जमा व्हायचे आणि कारकून दाभण घेऊन पुस्तक पुन्हा शिवायचे. शिवलेलं पुस्तक जरा फुगीर दिसायचं, एवढंच.

नियम एकच होता, पुढचं सांगायचं नाही. नळावर कुणी चुकून बोलायला लागलं तर दुसरीने तिच्या तोंडावर ओला हात ठेवायचा. ओळीच्या सुरुवातीच्या घरांतल्या बायका मोठ्या गुपिताच्या धनी असल्यासारख्या चालायच्या आणि आम्ही शेवटाकडच्या त्यांच्यावर जळायचो. आमचं घर ओळीत शेवटचं. त्यामुळे जे काही आमच्याकडे यायचं, ते सगळ्यांचं वाचून झालेलं असायचं. कोपरे दुमडलेले, कुठे हळदीचा डाग, कुठे कुणाच्या पोराने ओढलेल्या रेघोट्या.

पन्नास साल उलटून चार-सहा वर्षं झाली होती. पिंपरीला औषधाचा कारखाना नवानवाच सुरू झाला होता. आजूबाजूला माळ, बाभळी, पलीकडे मुंबईचा रस्ता, आणि निर्वासितांच्या कॅम्पात सिंध्यांनी मांडलेली दुकानं. कामाला आलेली माणसं कुठून कुठून आलेली. शेजारची वहिनी रत्नागिरीकडची, तिच्यापलीकडची साताऱ्याची. मी जवळचीच. माझं माहेर चाकणच्या पलीकडे एका खेड्यात, कांदा पिकवणारं घर. यजमान नगरकडचे. त्यांचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते आणि इथेही कुणाचंच घेणार नाही.

ज्या पुस्तकाबद्दल मला सांगायचं आहे ते हिवाळ्यात आलं. त्याच्या आधीच्या श्रावणात आमचा मुलगा गेला होता.

तेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. यजमान रातपाळी करून आले होते. मला पिंपरी गावात गिरणीवर दळण न्यायचं होतं. मूल झोपलं होतं. मी डबा उचलला आणि म्हटलं, "आतून कडी लावून घ्या." ते "हं" म्हणाले. गिरणीत रांग होती, पट्टा एकदा सुटला, वेळ गेला. परत आले तेव्हा आमच्या दारात माणसं उभी होती. ओळीच्या मागे नव्या क्वार्टर्सचं बांधकाम चाललं होतं. गवंड्यांनी पाण्यासाठी हौद केला होता, जमिनीलगत, वर काही झाकण नसलेला. मूल उठून बाहेर गेलं होतं. दोन वर्षांचं होतं ते.

आमच्या दाराची कडी वरच्या अंगाला होती. दोन वर्षांच्या पोराचा हात तिथे पोचत नाही. हे समजायला फार अक्कल लागत नाही. सगळ्या ओळीला ते समजलं होतं आणि कुणाच्या तोंडून त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. लोक म्हणाले, देवाची मर्जी. म्हणाले, आयुष्य तेवढंच होतं. कंत्राटदाराला शिव्या घातल्या, हौदावर दुसऱ्याच दिवशी फळ्या टाकल्या. कडीचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि असे महिने गेले.

मी फार रडलेही नाही. लोकांना ते विचित्र वाटलं असणार. आत काही हलतच नव्हतं. पीठ मळायचे, भाकऱ्या व्हायच्या. पाणी भरायचे, हंडे भरायचे. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे, आणि ते बरोबरच असायचं. हात पोळला तरी जरा वेळाने कळायचं. साताऱ्याची शेजारीण एकदा म्हणाली, "बाई, जरा मोकळी हो, गळा काढून रड." मी तिच्याकडे बघत राहिले. रडायचं कसं तेच मला आठवेना.

यजमानांचं आणखी वेगळं. त्यांनी कारखान्यात अर्ज करून खातं बदलून घेतलं. औषध बाटल्यांत भरण्याची खोली होती, तिथे गेले. आत जाण्याआधी आंघोळ करायची, उकळून वाळवलेले कपडे घालायचे, नाकातोंडावर फडकं बांधायचं. श्वासातून जंतू जातात म्हणून आत कुणी बोलायचं नाही. बाकीची माणसं त्या खोलीतून सुटायला बघायची, आठ तास मुकं बसायचं म्हणजे शिक्षाच. हे आपण होऊन गेले. घरी आले की तीच खोली बरोबर घेऊन यायचे. चहा. हं. पाळी बदलली. एवढंच बोलणं. एकदा वहिनीच्या नवऱ्याने मला हळूच सांगितलं, की पाळी सुटल्यावर ते चिंचवडकडच्या रुळांजवळ उभे दिसले, गाडी निघून गेली तरी तिथेच. मी म्हटलं, बरं. मग घरात येऊन चुलीपुढे बसले. हा माणूस एक दिवस घरी येणार नाही, असं मला स्वच्छ वाटलं, आणि तरी मी जागची उठले नाही. भीती वाटत होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी लांब होती.

वर्षाचे सण आमच्याकडे नव्हते. संक्रांत आली, सगळ्या ओळीत हळदीकुंकू झालं, आमचं घर सोडून. रीतच होती, त्यात कुणाचं चुकलं नाही. पण त्याच दिवसांत पुस्तकाचे फर्मे ओळीतून फिरायला लागले आणि ते मात्र आमच्या दाराशी आले. पुस्तकाला सुतक लागत नसावं.

रहस्यकथा होती. थंड हवेच्या गावात एक बंगला, त्यात एक बाई, तिचा नवरा आणि तिची धाकटी बहीण. एका वादळी रात्री बहीण नाहीशी होते, दोन दिवसांनी दरीत तिचं प्रेत सापडतं. बाई स्वतःच शोध घ्यायला लागते. संशय कधी डॉक्टरवर, कधी माळ्यावर, कधी नवऱ्यावर. तिला झोप लागत नाही. बंद दारावर कुणीतरी थाप मारतंय असा भास होतो. दार उघडावं तर बाहेर कुणी नाही. लिहिणाऱ्याची भाषा बेताची होती, पण माणसाला ओढत न्यायची.

पहिला फर्मा मी फळीवर ठेवला होता. चहा उकळेपर्यंत त्यांनी तो उचलला. मला वाटलं, नुसते हातात धरून बसतील, वर्तमानपत्र धरायचे तसे. पण त्यांनी पान उलटलं. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी कामावरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "पुढचा आला?"

इतक्या महिन्यांत त्यांनी मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी पदराला हात पुसत नुसतीच मान हलवली.

मग रोज फर्मा आला की ते वाचायचे, मग मी वाचायचे, आणि आम्ही त्याबद्दल बोलायचो. खरंच बोलायचो. "डॉक्टर खोटं बोलतोय," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "माळ्याच्या हाताला जखम कसली आहे ते सांगितलंच नाही अजून." "ते उगाच आहे. वाचणाऱ्याला फसवायला." एकदा तर त्यांनी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून मला समजावून दिलं, की नवरा त्या रात्री बंगल्यात असूच शकत नव्हता, कारण शेवटची प्रवासी मोटार निघून गेली होती. आमच्या घरात कुणाच्या तरी मेलेल्या बहिणीवरून बोलणं सुरू झालं आणि मला त्याचा आनंद होत होता. आनंद म्हणजे काय, तर पायाला मुंग्या आल्या की आधी टोचतं, तसं काहीसं. मी देवाजवळ एवढंच मागत होते, की पुस्तक मोठं असू दे.

शेवटचा फर्मा आला नाही.

एक दिवस वाट बघितली, दोन दिवस बघितली. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "अगो, पोराने तेल सांडलंन त्यावर. कारकुनांकडे दिलाय साफ करायला." असं होतं कधी कधी. पण त्या दिवसांत मी नळावर गेले की बायकांचं बोलणं एकदम थांबायचं. आधी तावातावाने काहीतरी चाललेलं असायचं, मी घागर टेकली की सगळ्या आपापल्या घागरीत बघायच्या. पुढचं सांगायचं नाही या नियमामुळे असेल, असं मी समजले. त्यातही मला फारसं काही वाटलं नाही.

यजमान मात्र थांबेनात. एक दिवस कामावरून आले आणि घरात न येता तसेच वहिनीच्या दारात गेले. दार वाजवलं. श्रावणापासून त्यांनी कुणाचं दार वाजवलं नव्हतं. मी आतून ऐकत होते. "शेवट काय झाला तो तरी सांगा," ते म्हणाले. वहिनी गडबडली. मग तिने सांगितलं, की डॉक्टरनेच केलं, पकडला गेला, जन्मठेप झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरी कचेरीत कारकुनांना गाठलं. कारकून म्हणाले, नवरा गुन्हेगार निघाला, त्याची मोटार वाटेत लपवलेली होती. आणि त्याच संध्याकाळी साताऱ्याची माझ्याकडे विरजण मागायला आली आणि मी न विचारताच म्हणाली, "ती भैन जित्तीच हुती बरं का. दरीत घावली ती दुसरीच कुणी. शेवटाला आपल्या पायांनी येती घरी."

एवढी मायाळू माणसं, पण आधी आपसात एक काय ते ठरवून घ्यावं, एवढं कुणाला सुचलं नाही. ज्याने त्याने आपापल्या मनाने आम्हाला बरा वाटेल असा शेवट करून दिला होता.

रात्री जेवताना मी त्यांना साताऱ्याचीचा शेवट सांगितला. ते घास घ्यायचे थांबले. त्यांच्या तोंडून हसल्यासारखं काहीतरी निघालं. "तीन शेवट झाले," ते म्हणाले. "यांतला आपला कोणता?" आणि मग त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला. दिवा मालवल्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्म्याचं नाव काढलं नाही. चहा, हं, पाळी. कामावरून यायला उशीर झाला, आणि कुठे होतात हे मी विचारलं नाही.

तेव्हा मी वहिनीकडे गेले. सकाळची वेळ, ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "वहिनी, तो फर्मा तुमच्या घरातच आहे."

तिने नाही म्हटलं नाही. उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फर्मा काढला. तेलाचा थेंब नव्हता त्यावर. "सगळ्यांचं म्हणणं पडलं, तुमच्या घरात नको जायला," ती म्हणाली. "मी एकटीने नाही ठरवलं हो. तू आधी वाच. मग काय ते तू ठरव."

मी तिच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचला. शेवट असा होता. सगळे संशयित निर्दोष ठरलेले असतात. एक म्हातारा पोलीस अधिकारी बाईच्या समोर खुर्ची घेऊन बसतो आणि सरळ विचारतो, "बाई, त्या रात्री दाराला कडी कुणी लावली?" आणि तिला आठवतं. तिनेच लावलेली असते. बहिणीशी भांडण झालेलं, बहीण रागाने बाहेर गेलेली, आणि हिने कडी घातलेली. बहीण पावसात दार वाजवत राहते, ही अंथरुणात पडून ऐकत राहते, मग थापा थांबतात. सकाळपर्यंत ती हे सगळं विसरून गेलेली असते. खरोखरच विसरलेली. ढोंग नाही. म्हणून तर ती इतके फर्मे गुन्हेगाराला शोधत हिंडते. आठवल्यावर ती रडत नाही. अधिकाऱ्याला म्हणते, "बरं झालं तुम्ही विचारलंत." तिथे पुस्तक संपतं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी फर्मा घडी केला, पदराखाली घेतला आणि घरी आले.

माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती, कांद्याची पोती घेऊन चाकणला निघालेली घरची गाडी पुढे पिंपरीपर्यंत वळवून. मला एकटं ठेवायला तिचं मन घेत नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं. मी तिला शेवट सांगितला. ती पाय पसरून लसूण सोलत होती.

"इसरली?" ती म्हणाली. "आपल्या हातानं कडी घातली आन् इसरली? आसं कुटं आसतंय व्हय?"

"पुस्तकात आहे तसं."

ती बराच वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "जावयाला दाखवू नगंस हे. त्यो आदीच अर्धा ऱ्हायलाय. कडीबिडीचं वाचल आन् काय तरी करून घेईल जिवाचं. पुस्तक न्हाई वाचलं म्हून कुनी मरत न्हाई."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी फर्मा ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी नळावर गेले तेव्हा बोलणं पुन्हा थांबलं. मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "बोला. मी वाचलंय."

मग बांध फुटल्यासारखं सुरू झालं. इतके दिवस तोंडं दाबून धरलेली. साताऱ्याची म्हणाली, "फाशी द्याया पायजे हुती त्या बाईला. इसरली म्हनं. सोंगाडी मेली." कारकुनांच्या बायकोने नवऱ्याचं मत आणलं होतं: मनाचा असा एक आजार असतो, माणूस स्वतःपासूनच लपवतं, परदेशात यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. वहिनीला तो शेवट मुळीच आवडला नव्हता. ती म्हणाली, एवढे फर्मे आम्हाला डॉक्टरच्या आणि माळ्याच्या मागे पळवलंन आणि शेवटी हे, लिहिणाऱ्याला काही सुचलं नसणार. कोपऱ्यातल्या घरातली एक लहानखुरी, नवीन लग्न झालेली मुलगी होती, ती हळूच म्हणाली, "मला वाईट वाटलं तिचं. ती एकटीच होती ना शोधायला." तर साताऱ्याची तिच्यावर खेकसली. कुणी म्हणाली, थापा ऐकूनही उठली नाही, ती बाई नव्हेच. कुणी म्हणाली, असं होतं, भीतीने अंगातलं बळ जातं. घागरी भरून वाहायला लागल्या तरी कुणी हलेना.

मग एकदम सगळ्यांना मी तिथे आहे हे आठवलं.

"तुला काय वाटलं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. तेच खरं होतं. बाकीच्या बायकांना केवढा राग आला होता, केवढं वाईट वाटलं होतं. पुस्तकातल्या एका बाईसाठी त्या भांडत होत्या, आणि ज्या घरासाठी त्यांनी तो फर्मा तांदळात लपवला होता, त्या घरातली मी तिथे दगडासारखी उभी होते. मला त्यांचा हेवा वाटला. घागर उचलून मी परत आले.

पुढचे काही दिवस मी ट्रंकेकडे बघत काढले. ते आता पूर्वीपेक्षाही गप्प झाले होते. पूर्वी निदान "हं" तरी म्हणायचे. मला कळत होतं की पुस्तकामुळे जेवढे इकडे आले होते तेवढेच, किंवा थोडे जास्तच, परत तिकडे निघाले आहेत. आईचा शब्द मोडायची भीती वाटत होती. रुळांची भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर भीतीशिवाय आणखीही काहीतरी होतं. तो फर्मा वाचताना त्यांचा चेहरा मला बघायचा होता. त्यांच्या भल्यासाठी वगैरे नव्हे. नुसता बघायचा होता.

त्यांच्या सुट्टीचा दिवस होता. जेवणं झाली होती, आई ओसरीवर पडली होती. मी ट्रंक उघडली, फर्मा काढला आणि त्यांच्यासमोर चटईवर ठेवला.

"हा शेवटचा," मी म्हटलं. "खरा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि उचलला. मी समोर भिंतीला टेकून बसले. ते वाचत होते आणि मी बघत होते. कुठलं पान आलं ते मला उरलेल्या पानांवरून कळत होतं. म्हातारा अधिकारी खुर्ची घेऊन बसला असेल. आता विचारलं असेल. त्यांचा चेहरा तसाच होता. शेवटच्या पानाशी आल्यावर त्यांनी दोन पानं मागे जाऊन पुन्हा वाचलं. मग फर्मा नीट घडी करून वेष्टण सरळ केलं आणि खाली ठेवला.

"शेवट खोटा आहे," ते म्हणाले.

"का?"

"माणूस विसरत नाही."

बाहेर बांधकामावरच्या बाया टोपल्या आपटत होत्या तेवढाच आवाज. मला वाटलं ते आता उठून जातील. पण ते बसून राहिले, आणि फर्म्यावर बोट ठेवून म्हणाले, "एवढं एक त्याने बरोबर केलंय. तो म्हातारा तिला विचारतो."

इतके महिने सगळ्यांनी मिळून जो प्रश्न झाकून ठेवला होता, तो आता माझ्या एकटीच्या हातात आला होता.

"तुम्ही कडी लावली होती?" मी विचारलं.

"नाही."

मग त्यांनी सांगितलं. सावकाश, जसं कारखान्यातलं काम कुणाला समजावून सांगतात तसं. मी गेल्यावर ते उठणारच होते. जरा पाठ टेकतो आणि मग लावतो, असं म्हणून आडवे झाले. लगेच झोप लागली नव्हती. कडी लावायची राहिली आहे, हे त्यांच्या लक्षात होतं. डोळ्यांसमोर ती लोंबणारी कडी दिसत होती. "उठायचा कंटाळा केला," ते म्हणाले. "एवढंच झालं. कंटाळा केला."

मी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, हे ऐकलं की आभाळ कोसळेल. तसं काही झालं नाही. चटईवर आम्ही दोघं होतो आणि मध्ये तो फर्मा.

"तू का नाही विचारलंस?" ते म्हणाले. "रोज वाटायचं, आज विचारेल. कामावरून येताना वाटायचं, आज दारातच विचारेल. सगळे माझ्याशी इतकं चांगलं वागत होते. वाटायचं, कुणीतरी एकदा विचारा."

"तुम्ही खरं सांगितलं असतंत," मी म्हटलं. "म्हणून नाही विचारलं."

आणि तेव्हा माझ्या आत, अगदी खाली कुठेतरी, काहीतरी हललं. आधी मला कळलंच नाही काय आहे ते. वाटलं, घेरी येतेय.

"मला तुमचा राग येतो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "फार राग येतो. मी कडी लावा म्हणाले होते. तुम्ही हं म्हणाला होतात."

"हो."

"मला हा राग जाईल असं वाटत नाही."

"येऊ दे," ते म्हणाले. "मी आहे."

मग मला रडू आलं, गळा काढून, ओसरीवरची आई धावत दारात येऊन उभी राहिली इतकं. ते समोरून उठले नाहीत.